सात दिवस दुधीचा रस

मालाडच्या लॅबमध्ये विमलाताई रक्त तपासायला आल्या होत्या. त्या बसल्या होत्या त्याच बाकावर फ्लेविया आणि तिची नणंद जॅकलिन बोलत होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"सात दिवस नुसता दुधीचा रस, फ्लेविया? लेंटचा उपास आहे का?"

"नाही गं. लेंटसाठी मटण सोडलंय. हा डिटॉक्स आहे."

"त्याने काय होतं?"

"शरीरातलं विष बाहेर पडतं."

"कुठलं विष? डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाला, ते काम लिव्हर आणि किडनी रोज करतातच, रसाची काही गरज नाही."

"मग?"

"ग्लेनरॉयच्या लिव्हरने कुठे केलं?"

"माझा भाऊ दारूने गेला, फ्लेविया. तू तर थेंबाला शिवत नाहीस."

"आणि बाटली कोण आणायचं? शेवटी शेवटी त्याला जिना उतरवत नव्हता, तर मीच जायचे ना नाक्यावर."

विमलाताईंनी पर्स उघडून उगाच चष्मा शोधला.

"सोडा तर मी ओतायचे," जॅकलिन म्हणाली, "दर संडेला."

काउंटरवरून फ्लेवियाचं नाव पुकारलं. ती उठली.

"ऐक," जॅकलिन मागून म्हणाली, "उद्या दुधी दोन आण."