बंद नंबरवर आलेले फोन

नाव मृदुला हेरंब भोईटे, वय ३८, धंदा ऑनलाइन भाजी कंपनीत फोनवर ऑर्डर घेणे (कंपनी बंद झाल्याने सध्या घरी), राहणार लहरीपुरा दरवाज्याजवळ, बडोदे.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई यांच्यासह राहते. जमादार प्रतापसिंह यांना मराठी येत असल्याने मी मराठीत सांगत आहे.

आमची कंपनी सावली तालुक्यातल्या शेतकऱ्यांची भाजी ॲपवर ऑर्डर घेऊन बडोद्यात घरपोच देत असे. मालक हार्दिकभाई. सुरुवातीला धंदा जोरात होता. नंतर मोठ्या कंपन्या दहा मिनिटांत सामान पोचवू लागल्या, गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. आम्ही सवलती बंद केल्यावर गिऱ्हाईक एकेक करून गेले. फोनवर बसणाऱ्या आम्हा बायकांपैकी शेवटी मी एकटी राहिले. ज्यांना ॲप चालवता येत नाही त्यांची ऑर्डर मी ऐकून घेऊन स्वतः ॲपमध्ये टाकत असे.

कारेलीबागेतील इंदिराबाई घोरपडे या त्यांपैकी एक. वय पंच्याहत्तरीपुढे, एकट्या राहतात. मुलगा निहार कॅनडात असतो. त्या रोज सकाळी फोन करीत. ऑर्डर पाव किलो गवार किंवा एक जुडी मेथी, एवढीच. बाकी बोलणे इतर विषयांवर होई. त्यांना मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या शनिवारी हार्दिकभाईंनी सर्वांना बोलावून कंपनी बंद करत असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "बेन, मारी पासे हवे रस्तो नथी," म्हणजे आता त्यांच्यापुढे मार्ग उरला नव्हता. ग्राहकांना मोबाईलवर इंग्रजीत मेसेज गेला. फोनवाल्या ग्राहकांना मी स्वतः कळवू लागले, परंतु यादी निम्मीही झाली नाही तोच लाईन कापली गेली. इंदिराबाईंना कळवायचे राहिले.

रविवारी आम्हाला सुट्टीच असे. सोमवारी सकाळी मी घरी होते. इंदिराबाईंच्या फोनची वेळ झाली तेव्हा मनात आले की त्या आता बंद नंबर फिरवत असतील. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी हार्दिकभाईंकडे मागितला. ते म्हणाले, "ग्राहकांचे नंबर बाहेर देता येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." मी म्हणाले, "आता आत कोण आहे?" त्यावर त्यांनी नंबर दिला. तो बंद लागला.

मी आमच्याकडे डिलिव्हरी करणारे नंदूभाऊ यांना फोन केला. त्यांनाही काम नव्हते. ते स्कूटर घेऊन आले व मला कारेलीबागेत घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर इंदिराबाईंचे दार आतून बंद होते. दाराशी दुधाच्या दोन दिवसांच्या पिशव्या होत्या. आम्ही दार वाजवले, हाका मारल्या. खालच्या मजल्यावरचे जयसिंगराव वर आले व आम्ही कोण, असे त्यांनी विचारले. मी भाजीच्या कंपनीतून आल्याचे सांगितले. "कुठली कंपनी? कार्ड दाखवा," असे ते म्हणाले. कार्ड शनिवारीच जमा केले होते. त्यांनी पोलिसांना फोन लावला, हे त्यांच्या जागी योग्यच होते.

नंदूभाऊंनी दाराला कान लावला. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. जयसिंगरावांनीही ऐकला. पाण्याच्या टाकीवरून त्यांचे व इंदिराबाईंचे वर्षभर बोलणे नव्हते. ते म्हणाले, "काल वरून ठकठक येत होती. मला वाटलं, मुद्दाम आपटतायत." एवढे बोलून ते खाली गेले आणि पहार घेऊन आले. कडी त्यांनी व नंदूभाऊंनी मिळून तोडली. तोडा असे मी सांगितले होते. आतील कोणत्याही वस्तूला आम्ही हात लावलेला नाही.

इंदिराबाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या होत्या. शुद्धीत होत्या. उठता येत नव्हते. हाताशी पितळी डबा होता, तो त्या फरशीवर आपटत असाव्यात. मोबाईल जवळच होता, बॅटरी संपलेली. मी "आजी" म्हटले तेव्हा त्यांनी डोळे उघडले व म्हणाल्या, "मृदुला का गं? किती वेळा लावला तुला. एक बाई सारखी सांगत होती, हा नंबर अस्तित्वात नाही."

मी विचारले, मुलाला का नाही लावला. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे रात्र असते. आणि तो तिथून काय करणार? तू इथे आहेस ना."

रुग्णवाहिका जयसिंगरावांनी बोलावली व ते स्वतः सोबत बसून आले. खुब्याचे हाड मोडल्याचे डॉक्टरांनी सांगितले. निहार यांना कळवले असून ते निघाले आहेत. हार्दिकभाई संध्याकाळी रुग्णालयात आले. बराच वेळ बाकावर बसून होते. जाताना त्यांनी मला विचारले, "लाईन चालू असती तर?" लाईन कधीतरी बंद होणारच होती. त्यांचा यात दोष आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु काही माणसांची रोजची हाक आमच्या नंबरवर येत होती, हे आमच्यापैकी कोणाच्या हिशेबात नव्हते.

ऑपरेशनसाठी आत नेताना इंदिराबाईंनी मला जवळ बोलावले. म्हणाल्या, "उद्या भाजी पाठवू नकोस. मी घरी नाहीये." मी बरं म्हणाले. कंपनी बंद झाल्याचे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझा हा जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करते.

मृ. हे. भोईटे