डबल बेल

लेक: आणि हे तुम्ही त्याला मुद्दाम शिकवलंत?

बाबा: शिकवलं म्हणजे काय, घोकून घेतलं! गॅलरीत वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर याला उभं करायचं आणि सायकलची घंटी दोनदा वाजवायची. टिंग टिंग. काम झालं की बिस्किट. अगं, जन्मभर कंडक्टरकी केली. डबल बेल दिली की अख्खी बस हलायची. हा चिल्लर तर कुत्र्याचं वीतभर पिल्लू!

लेक: आणि आपल्या दारावरची बेल कशी वाजते हो?

बाबा: कशी म्हणजे... डिंग डाँग.

लेक: किती झाले?

बाबा: अरे देवा. दोन.

लेक: वरच्या काकू किल्ली ठेवायला आल्या होत्या. बेल वाजवली, मी दार उघडलं, आणि तुमच्या चिल्लरने थेट त्यांच्या चपलेवर!

बाबा: चपला नव्या होत्या का?

लेक: बाबा!

बाबा: नाही, आपलं विचारलं. पण शिस्त बघ ना त्याची. घंटा ऐकली, काम उरकलं आणि बिस्किटासाठी काकूंच्या तोंडाकडे बघत बसला. इतका इमानदार माणूस आमच्या डेपोत एक नव्हता.

लेक: मला हसवू नका. मी चिडलेय.

बाबा: चिडलीस की तुझी डावी भुवई वर जाते. ती तर जागेवर आहे.

लेक: पुरे आता. ऐका, माझी मैत्रीण घरून निघालीय. चिल्लरला परत न्यायला.

बाबा: आज? अगं, तिनेच दिलं ना हौसेनं? आणि तू कधी कळवलंस तिला?

लेक: सकाळी. तुमची गादी गॅलरीत वाळत घालताना.

बाबा: एका चपलेपायी एवढं...

लेक: चपलेचं सोडा हो. चपला मी धुऊन दिल्या. दारावरची बेलही बदलू. पण तुमची गादी? आज पुन्हा ओली!

बाबा: लहान आहे गं तो.

लेक: लहान आहे, पण पलंगावर कोण चढवतं त्याला? त्याचं पोट जमिनीला टेकतं, तो काय उडी मारणार? तुम्हीच कुशीत घेऊन झोपता. आणि गादी भिजली तरी मला उठवत नाही. टॉवेल टाकून त्याच ओल्यात पडून राहता. परवा केवढे शिंकत होतात!

बाबा: तुझी झोपमोड कशाला उगाच?

लेक: म्हणूनच तर पाठवतेय त्याला. मला काय आनंद होतोय का? तो आल्यापासून तुम्ही पुन्हा बडबडायला लागलात, हे दिसतं मला. पण या वयात तुम्ही ओल्यात झोपायचं नाही. विषय संपला. त्याचा पट्टा कुठंय?

बाबा: मी काल शब्द दिला होता ना तुला? त्याला खोलीत घेणार नाही म्हणून?

लेक: दिला होतात. आणि आज सकाळी काय झालं? मागे काय लपवताय? पट्टा ना? द्या इकडे.

बाबा: नाही देत.

लेक: बाबा, ती पोहोचेल आता.

बाबा: काल रात्री चिल्लर कुठे झोपला होता, ठाऊक आहे?

लेक: तुमच्या खोलीत.

बाबा: तुझ्या पलंगाखाली. तुझ्या मोज्यांवर. माझ्या खोलीचं दार मी आतून लावलं होतं. शब्द पाळला मी.

लेक: मग गादी...

बाबा: सगळं माझ्याच तोंडून वदवून घेणार आहेस का?

लेक: बाबा...

बाबा: त्या बिचाऱ्याने एकदाही नाही केलं. मीच त्याच्यावर ढकललं. त्याला बोलता येत नाही, माझं निभावून गेलं. पण माझ्यापायी त्याने घरातून जायचं? नाही. तेवढा नीच नाही मी.

लेक: कधीपासून होतंय हे?

बाबा: तो यायच्या आधीपासून. तू कामावर गेलीस की चादरी धुऊन टाकायचो. झोपेत कळतच नाही गं. जाग येते तेव्हा झालेलं असतं. अगं, लोक घाटात गाडी थांबवायला लावायचे, आडोसा शोधायचे. मी कधी उतरलो नाही. डेपो येईपर्यंत तसाच उभा. आणि आता हे!

लेक: मला सांगायचं ना.

बाबा: लेकीला? जीभ रेटत नाही.

लेक: मी दिवसभर लोकांचे एक्स-रे काढते. अनोळखी माणसं मला पोटातलं सगळं दाखवून जातात. आणि माझा बाप माझ्याच घरात कुत्र्याआड लपतो.

बाबा: तेही चुकलंच. जरा मोठ्या जातीचा घ्यायला हवा होता. याच्याआड माझी टाचसुद्धा झाकत नाही.

लेक: (हसता हसता डोळे पुसत) गप्प बसा. उद्या डॉक्टरांकडे जायचं. यावर औषध असतं, बाबा. रोज येतात अशी माणसं.

बाबा: तू कामावर जा. मी जाऊन येतो एकटा.

लेक: एकटे गेलात तर गुडघा दाखवून परत याल.

बाबा: आजकाल दुखतोय खरा गुडघा.

लेक: बघा! मी येणार बरोबर. बाहेर बाकावर बसेन, आत नाही येणार. तुम्ही मोकळेपणाने बोला.

बाबा: तू आधी त्या मैत्रिणीला फोन लाव. वाटेतूनच फिरव तिला.

लेक: लावतेय. वाजतोय... आणि तुम्ही आता शब्द फिरवायचा नाही हं. उद्या सकाळी निघायचं.

बाबा: निघू. पण ऐक... बाहेर नको बसूस. आत ये. मला सांगता नाही आलं, तर तू सांग.