दाखला देणारा बुवा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न— दार उघडं असूनही माणूस बाहेर का राहतो? दाराला कुलूप असतं म्हणून? की दारात कुणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असतं म्हणून?

एक होता त्र्यंबकबुवा. माझंही नाव तेच, पोटही तेवढंच— हसू नका! योगायोग समजा. हा बुवा संध्याकाळी कीर्तनं करायचा आणि दिवसा पालिकेच्या शाळेत कारकून. प्रवेशाचं टेबल याचं. पाठीमागच्या भिंतीवर सरकारी परिपत्रकं— यानंच डकवलेली! वाचलेली? छे हो! डिंक लावायचा की वाचायचं?

एका सकाळी नाल्याकाठच्या वस्तीतली कौतिका आली. बिगारी काम करणारी. हाताशी पोरगी, पायल.

"सायेब, हिचं नाव घाला साळंत."

"जन्माचा दाखला?"

"गावाकडं घरातच झाली ओ. कुठला दाखला? मुकादम म्हनतोय, सात वर्साची झाली, आता हिलाबी विटा उचलाया घाल..."

"दाखला आण, मग ये!"— आणि बुवानं चहा मागवला. दोन बिस्किटांसह!

संध्याकाळी कीर्तन कुठे? त्याच वस्तीत, मारुतीच्या देवळात! बुवा काय रंगला म्हणता! "देवाच्या दारात कुणाला अडवत नाहीत! पटत नाही? थांबा, दाखला देतो—"

आणि बायकांतून कौतिका ताडकन उठली! पोरीचा हात धरून थेट पुढं आली.

"द्या!"

"काय द्या, बाई?"

"दाखला! सकाळी म्हनला, आन. आता म्हनता, देतो. मग द्या की! उद्या पोर विटांवर जायाचीय माझी."

लोक हसले. मृदंगवाल्याचा हात तसाच राहिला. अहो, बुवाच्या दाखल्याला कुठं शिक्का असतो? पण ते त्या माउलीला कुणी सांगावं? खरी लाज वाटली हो बुवाला!

दुसऱ्या दिवशी त्यानं कौतिकाचं म्हणणं कागदावर लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि पायलचं नाव पहिलीत घातलं. मुकादमाच्या विटा तिथंच राहिल्या. आणि बुवा? वर्षभर छाती फुगवून सांगत सुटला— "पोरीसाठी नियम मोडला मी!" मी... म्हणजे त्यानं! चार ठिकाणी हारही घालून घेतले.

पुढच्या साली पायल दुसरीत. बाईंनी निरोप सांगायला धाडली तशी टेबलापाशी आली आणि भिंतीकडं बघत एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली— "व-या-चा दा-ख-ला न-स-ला त-री प्र-वे-श ना-का-रू न-ये."

बुवानं मान वळवली. तो कागद डकवल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"बुवा," पोरगी म्हणाली, "ह्ये तर हितंच लिवलंय की. मग माज्या आदी किती पोरं परत गेली?"

मंडळी, नियम मोडला कसला? नियम तर त्यानं अकरा वर्षं पाठ टेकून झाकला होता!

हसलात ना? हसा, माझ्यावर पोटभर हसा. पण तुमच्या घरी आईबरोबर भांडी घासायला येणारी पोर— तिचं नाव कुठल्या शाळेत आहे, विचारलंत कधी? उद्या विचारा. नसेल तर तिला हाताला धरून माझ्या टेबलाशी आणा. भिंतीवरचा कागद आता माझ्या तोंडासमोर लावलाय. आणि मी दाखला मागितलाच, तर तिथंच उभं राहून मला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा.

चला, टाळ घ्या हातात. नाव देवाचं घ्या, पण पोरींचं घालायला विसरू नका!