पत्र्यावरचा दात

(गुलमंडीतला दातांचा दवाखाना. नात कार्तिकी बाहेर बाकड्यावर बसलेली. आत तिची आजी द्वारकाबाई आणि डॉक्टर मीनाक्षी.)

द्वारकाबाई : राखेनं निघाला नाय, मिठानं निघाला नाय, कोळशानंबी निघाला नाय. म्हून आणलं तुमच्याकडं. तुमच्या मशिनीनं एकदा खसाखसा घासून टाका.

डॉक्टर : कोळसा? एवढ्याशा पोरीच्या दाताला कोळसा लावलात तुम्ही?

द्वारकाबाई : वस्त्रगाळ करून. आमच्या तिकडं दौलताबादला समदे लावत्यात. माझे बघा. म्हातारी झाले, एक तरी हललाय का?

डॉक्टर : तुमचे दात चांगले आहेत, आजी. तुमच्या दातांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नातीचा दात मळलेला नाही. त्याला कीडही नाही.

द्वारकाबाई : चाकलेट खाती. मी रोज शिव्या घालती तिला.

डॉक्टर : उगाच घालता. चॉकलेटनं एकच दात काळा होतो का? तो आतून काळा पडलाय. आतली शीर मेलीय, तिथलं रक्त तिथंच सुकलंय. मुका मार लागला की अंग काळंनिळं पडतं ना, तसंच. पण अंगावरचा डाग जातो. हा बाहेरून कितीही घासलात तरी जाणार नाही.

द्वारकाबाई : मार? ओ बाई, तिला कोण मारतंय? बोट लावत नाय कुणी.

डॉक्टर : कुणी मारलं असं मी म्हटलं नाही. तोंडावर काहीतरी जोरात आदळलंय. त्याच्या शेजारचा दात तर जागेवरच नाही. तो कधी पडला?

द्वारकाबाई : त्यो व्हय. त्यो दिवाळीच्या आदी पडला. त्याची काळजी नाय, त्यो येतोय. तुमी ह्या काळ्याचं बघा.

डॉक्टर : येतोय? कुठून येतोय?

द्वारकाबाई : हिरडीतून. आन कुठून यील?

डॉक्टर : आजी, बसा जरा.

द्वारकाबाई : बसायला वख्त नाय. आज टँकरचा दिवस हाय. इथून बस धरायची, चिकलठाण्याच्या पुढं उतरायचं, तिथून पायी. हंडे दाराम्होरं मांडून आले. लवकर करा.

डॉक्टर : हिची आई का नाही आली?

द्वारकाबाई : कंपनीत हाय, पॅकिंगला. एक खाडा केला की ठेकेदार दुसरी उभी करतो तिच्या जागी. बद्रीनाथ, म्हंजी माझं लेकरू, त्याचीबी शिफ्ट. दोघं घराभाईर, मंग पोरगी कुणी बघायची? म्हून मला गावाकून आणलं. दसऱ्याला आले मी, आन दिवाळीच्या आत हे असं झालं.

डॉक्टर : काय झालं ते सांगा. सगळं.

द्वारकाबाई : काय सांगायचं. आमच्या वस्तीत नळ नाय. प्लॉट पाडताना म्हणले येणार, येणार. आजून येतोयच. आठवड्याला टँकर येतो. आला की समदी वस्ती पळती. मी पाइप धरला, कार्तिकी माझ्या म्होरं, हंड्याचं तोंड धरून. मागून रेटा आला. वच्छलाबाईचा भरलेला हंडा निसटला आन हिच्या तोंडावर. तिचा काय दोष नाय. ती बिचारी रडली माझ्यापरीस जास्ती. तवापासून माझा नंबर ती धरून ठिवती.

डॉक्टर : मग लगेच कुठल्या दवाखान्यात नेलंत?

द्वारकाबाई : नेणार कसं? पाणी चालू व्हतं.

डॉक्टर : म्हणजे?

द्वारकाबाई : पोरीच्या तोंडाला पदर लावला, तिला म्हणलं दाबून धर, आन हंडे भरले.

डॉक्टर : पोरीच्या तोंडातून रक्त वाहतंय आणि तुम्ही हंडे भरलेत?

द्वारकाबाई : मंग? टँकरवाला थांबतो व्हय? त्याला काय पोरगी माझी का परक्याची! एकदा पाइप हातचा गेला की आठवडाभर काय पिणार? रक्त थांबतं बाई. पाणी थांबत नाय.

डॉक्टर : आणि दात?

द्वारकाबाई : दात तिच्या झग्यात सापडला. आख्खा. लई सुंदर, लांबलचक. मी समदं रीतीनं केलं. धुतला. शेजारी म्हैस हाय, तिचं शेण आणलं, त्याच्यात घातला, गोळी केली. पोरीला अंगणात उभी केली, उंदराला हाक मारायला लावली. माझा दात तू ने, तुझा मला दे. आन मंग फेकला पत्र्यावर. एका झटक्यात वर गेला, माघारी घरंगळला नाय. चांगलं असतं ते.

डॉक्टर : लांबलचक होता म्हणालात.

द्वारकाबाई : व्हय. एवढा. बोटाच्या पेरापरीस थोडा कमी.

डॉक्टर : आजी, दुधाचा दात एवढा लांब नसतो. दुधाच्या दाताचं मूळ झिजून गेलेलं असतं, म्हणून तर तो पडतो. हा पक्का दात होता. दुधाचा तिचा पहिलीतच पडला असणार, तुम्ही यायच्या आधी. हा त्याच्या जागी आलेला. एकदाच येतो हा.

द्वारकाबाई : सूनबी तेच म्हणली.

डॉक्टर : तिला माहीत होतं?

द्वारकाबाई : कंपनीतून आली, पोरीचं तोंड बघितलं, म्हणली आत्या, ह्यो दुसरा व्हता ओ. मी म्हणलं, असू दे. माझ्या आईच्या आत्याला म्हातारपणी तिसऱ्यांदा दात आले व्हते, हरभरे फोडायची. मंग ती काय बोलली नाय. भाकरी थापायला बसली.

डॉक्टर : ती काय बोलणार. तुम्ही चिडून गावाला गेलात तर उद्या पोरीजवळ कोण?

द्वारकाबाई : तुमी तर घरातलंबी वळखता.

डॉक्टर : वीस वर्षं या खुर्चीशेजारी उभी आहे. पोरांच्या तोंडात घरच दिसतं. आता ऐका, तुम्हाला टोचेल पण ऐका. तो दात पत्र्यावर फेकला नसता, दुधात घालून तासाभरात आणला असता, तर मी तो परत जागेवर बसवला असता. धरलाही असता, बहुतेक.

द्वारकाबाई : दुधात?

डॉक्टर : वाटीभर दुधात. घरात दूध होतं का त्या दिवशी?

द्वारकाबाई : व्हतं.

डॉक्टर : बघा.

द्वारकाबाई : त्याच्यात हळद घातली आन तिला पाजलं मी. मार लागला व्हता म्हून. तोंड भाजत व्हतं तरी पाजलं.

डॉक्टर : जाऊ द्या.

द्वारकाबाई : जाऊ कसं द्या? आता म्हणता जाऊ द्या! पोलिओचे थेंब पाजायला दारात येत्यात, बोटाला शाई लावून जात्यात. मतं मागायला दारात येत्यात. दात पडला तर दुधात घाला, हे सांगायला कोण आलं व्हतं? तुमी आल्या व्हत्या?

डॉक्टर : नाही.

द्वारकाबाई : शाळेत सांगत्यात? पोरीच्या बाईला ईचारलं, बाई म्हणली घरी बघा. आन पोरं हिला काळदाती म्हणत्यात, ते बाईच्या कानावर जात नाय. पोरगी हसायची बंद झाली. बोलती ती हात तोंडावर धरून. मी अडाणी हाय, कबूल. पण मी एकटीच अडाणी हाय का?

डॉक्टर : नाही. तुम्ही एकट्या नाही. महिन्याला दोन-तीन तरी येतात अशी. कुणी सायकलवरून, कुणी हापशाचा दांडा लागून. कुणी दात रुमालात सुकवून आणतं, कुणी देवापुढे ठेवून. मी प्रत्येकाला रागावते. आता रागवायचाही कंटाळा आलाय.

द्वारकाबाई : तुमच्या घरी पाणी कसं येतं?

डॉक्टर : आमच्याकडेही टँकरच. पैसे भरून.

द्वारकाबाई : तुमच्या दारात येतो. आमी त्याच्या मागं पळतो. एवढाच फरक.

डॉक्टर : एवढाच नाही, पण असो. आता कामाचं बोलू. मघाशी हिच्या दाताचा एक्स-रे फोटो काढलाय मी. काळ्या दाताच्या मुळाशी पू धरायला लागलाय. आज उघडून साफ केला नाही तर हाही जाईल. त्याला आतून औषध भरावं लागेल, मूळ अजून कच्चं आहे, चार-पाच खेपा घालाव्या लागतील. रंग थोडा उजळेल, पहिल्यासारखा होणार नाही. पण दात राहील.

द्वारकाबाई : आन रिकाम्या जागी?

डॉक्टर : काढता-घालता दात बसवू, खोटा. मोठी झाल्यावर पक्क्याचं बघता येईल.

द्वारकाबाई : आज किती टाइम लागंल?

डॉक्टर : तास तरी. ती शांत बसली तर. आणि शांत बसायची असेल तर तिला आधी खरं सांगावं लागेल.

द्वारकाबाई : काय खरं?

डॉक्टर : की तो दात येणार नाही.

द्वारकाबाई : नका सांगू.

डॉक्टर : आजी...

द्वारकाबाई : तुमच्या पाया पडते. रोज फजरला उठली की आरशाम्होरं उभी ऱ्हाती. मी बोटानं हिरडी चाचपते, म्हणते टोक लागतंय बघ, येतंय. मीच म्हणलंय तिला. आई-बापाचं तोंड तिला धड रविवारीच दिसतं. तिच्याजवळ मी एकटी. माझाच शबूद खोटा पडला तर तिनं कुणाचं ऐकायचं?

डॉक्टर : आणि मी खोटं सांगू? आज येईल म्हणायचं, पुढच्या खेपेला येईल म्हणायचं? मग तिथं खोटा दात बसवताना काय सांगू, उंदरानं पाठवला?

द्वारकाबाई : टोमणा मारू नका.

डॉक्टर : चुकलं. पण मी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

द्वारकाबाई : ...बलवा. मी सांगते. पण आदी माझ्याकडं बघू द्या तिला, मंग तुमच्या सुया काढा.

डॉक्टर : कार्तिकी! ये बाळा आत. चप्पल राहू दे. ये, या खुर्चीवर बस.

कार्तिकी : आजी, तू रडली?

द्वारकाबाई : नाय गं. औषधाचा वास हाय इथं, डोळ्यात जातो. ऐक. ती डॉक्टरीणबाई काय म्हणती... म्हंजी मीच म्हणते. त्यो आपला दात हाय ना, उंदरानं नेलेला...

कार्तिकी : उंदरानं नाय नेला.

द्वारकाबाई : काय?

कार्तिकी : पत्र्यावरच व्हता. टाकीत किती पाणी उरलं बघायला आईनं वर चढवलं व्हतं ना मला, संक्रांतीच्या आदी, तवा दिसला. शेण वाळून फुटलं व्हतं. दात तिथंच. हे बघ.

डॉक्टर : हा खिशात घेऊन फिरतेस?

कार्तिकी : नाय. कंपासात असतो. आज आणला.

द्वारकाबाई : संक्रांतीपासून तुला म्हाईत हाय? आन रोज सकाळी माझ्याम्होरं तोंड उघडून उभी ऱ्हाती?

कार्तिकी : तूच म्हणायची ना टोक लागतंय म्हून.

द्वारकाबाई : मंग म्हणायचं व्हतं ना, आजी, खोटं बोलू नको.

कार्तिकी : आई म्हणली तू लई मनाला लावून घेती.

द्वारकाबाई : बघा बाई. समद्या घराला म्हाईत. मी एकटीच उंदराच्या भरवशावर बसलेली.

कार्तिकी : मॅडम, ह्यो बसवता येतो का? मी धुतलाय साबणानं.

डॉक्टर : दे इकडे. ...नाही गं. हा आता धरणार नाही. उशीर झाला.

कार्तिकी : कवा आणायला पायजे व्हता?

डॉक्टर : पडला तेव्हाच. लगेच.

कार्तिकी : तवा कसा आणणार? तवा टँकर आला व्हता.

डॉक्टर : ...हो. आला होता.

कार्तिकी : आजीनं पदर लावला व्हता मला. आख्खा पदर भिजला.

डॉक्टर : आजी, तुमच्या पिशवीत फोन वाजतोय.

द्वारकाबाई : वाजू द्या.

कार्तिकी : वच्छला मावशी असंल. उचल आजी.

द्वारकाबाई : ...हां, बोल गं वच्छलाबाई. ...आला का? एवढ्या लवकर? ...हंडे हायेत, दाराम्होरंच हायेत. ...नाय. मी गुलमंडीलाच हाय. ...आगं नाय यायची मी. ...आमचा नंबर सोड. ...दे म्हणते ना दुसऱ्याला! तुला जमला तर एक हंडा भर, नाय तर नको भरू. ...हां. ठिव.

डॉक्टर : आजी, तुम्हाला जायचं असेल तर मी हिला बसवते. आमचा कंपाउंडर कडूबा आहे बाहेर, तो लक्ष ठेवील.

द्वारकाबाई : तुमी तुमचं काम करा.

कार्तिकी : आजी, जा ना. मला भ्या नाय वाटत. टाकीत तळालाच हाय पाणी, मी बघितलंय. आई आल्यावर हातपाय कशानं धुवंल?

द्वारकाबाई : गप. आ कर.