डाव्या हातातला माईक

मूलहून चंद्रपूरला निघालेली बस. पायाशी तांदळाचं पोतं. कुणाचं तरी बाळ झोपलंय. पुढच्या सीटवर बँडची गायिका आणि बँडचा साउंडवाला.

"वारलूभाऊ, आज ऊर्जानगरच्या क्लबात माझा आवाज चरचरीत नका करू."

"काऊन वं साक्षी, कोण म्हणते?"

"मागं वडशाच्या प्रोग्रामले लोकं कानावर हात ठेवून बसले होते. तुम्ही ट्रेबल वाढवतच जाता."

"मले तवाच साफ ऐकू येते."

"तेच म्हणून राह्यली मी."

"हं... म्हणजे मिक्सरवर आता दुसऱ्याले बसवता?"

"नाई. मी माईक डाव्या हातात घेतला का ट्रेबल कमी करा."

"अन् बँडवाल्याइनं विचारलं तं?"

"सांगन, स्टाईल हाये माही."

मूलच्या स्टँडवर कंडक्टरने वारलूभाऊंना कुठे जायचं ते विचारलं, तेव्हा उत्तर साक्षीने दिलं होतं.