लिफ्टच्या आवाजांना मासिक हवंय

पुतणी : हळू, काका! हे वाचनालय आहे, तुमचं मशीनघर नाही.

काका : मग तू मोठ्याने बोल. तुझे नुसते ओठ हलतायत.

पुतणी : म्हटलं, आतापर्यंत किती मासिकांना पाठवलंत?

काका : सहा. एकाने आलेख मागितले, एकाने जाहिरात. चौघांनी पान जसंच्या तसं परत धाडलं.

पुतणी : सगळी लिफ्टच्या धंद्यातलीच?

काका : मग काय भरतकामाच्या मासिकाला पाठवू? एकेचाळीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्या मी.

पुतणी : बघू ते पान. "इमारत. मजला. तक्रार. उपाय." काका, हा लेख आहे की तक्रारवही?

काका : मला तसंच लिहिता येतं.

पुतणी : आणि खाली ही कोरी ओळ? "रहिवाशाची सही"?

काका : ती लागतेच. तक्रार मिटली असं त्याने लिहून दिल्याशिवाय काम संपत नाही.

पुतणी : आणि संपादक सही करून देणार!

काका : हसू नकोस. वाच आधी.

पुतणी : "जुनं रुग्णालय, तिसरा मजला. तक्रार : लिफ्ट रडते. ऐकलं. रडत नाही. दुपारी सामसूम झाली की रिकामीच वर येते, दार उघडते, कुणी नसतं. मग लांब श्वास सोडून दार मिटते. झोपेत कुणी कूस बदलावी तशी. उपाय : काही केलं नाही. तासभर जवळ बसून राहिलो." ...काका.

काका : काय? चुकलं काही?

पुतणी : नाही हो. इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत.

काका : तेव्हा ऐकू येत होतं, बोलायची गरज नव्हती. आता उजवा कान गेला, डावा वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. स्वप्नात मात्र अजून स्वच्छ ऐकू येतं बघ. परवा मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो आणि वरून बारा मजले एकेक करून माझ्याशी बोलत होते. जागा झालो तर डोक्यावर पंखा गरगरतोय आणि आवाज नाही. घाबरलो ग मी. ते सगळं जायच्या आत कुणाच्या तरी हवाली करायचंय.

पुतणी : मग आपण भलत्याच दारात उभे आहोत. लिफ्टवाल्यांना लिफ्टचं काय कौतुक? इथे दोनशे चाळीस मासिकं येतात, प्रत्येकावर शिक्का मी मारते. मला सांगा, लिफ्टमध्ये कान देऊन कोण उभं राहतं?

काका : मी.

पुतणी : तुम्ही सोडून!

काका : एक बाई होत्या. सहाव्या मजल्यावरच्या, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या. मी रुळाला तेल घातलं, लिफ्ट अगदी गुपचूप केली, मोठा खूश झालो. दुसऱ्या दिवशी बाईंची तक्रार! म्हणाल्या, "चौथ्यापाशी ती खाकरायची, त्यावर मी मजले मोजायची. तुम्ही माझा मजला हरवलात."

पुतणी : मग?

काका : मग काय, तेल पुसलं. खाकरायला लागली परत.

पुतणी : उठा. त्या कोपऱ्यातल्या मांडणीपाशी चला. हा जाडा अंक बघा.

काका : यात तर काहीच छापलेलं नाही.

पुतणी : बोट फिरवा. ब्रेल आहे. न बघता वाचणाऱ्यांचं मासिक. बुधवारी एक सर येतात हे वाचायला. मागचे तीन अंक त्यांच्याकडून ऐकून घेते. काय घेतात, केवढं घेतात ते कळू दे, मग पाठवू.

काका : त्या बाईंची तक्रार पाठवूया?

पुतणी : तीच. फक्त ही सहीची ओळ काढते.

काका : नाही हं. लेख पडला तरी चालेल, ओळ राहील.

(दीड महिन्यानंतर. तीच खोली.)

काका : आलं पाकीट परत. हाताला पान लागतंय आत. सातवं.

पुतणी : उघडलंसुद्धा नाहीत?

काका : उघडून काय करू? माझंच अक्षर मला दाखवणार.

पुतणी : द्या इकडे. पान आहे, आणि एक पत्रही आहे. ऐका.

काका : डावीकडे ये.

पुतणी : "लेख घेतला आहे. कार्यालयात दोनदा मोठ्याने वाचायला लावला. दर महिन्याला अशी एक लिफ्ट हवी. मूळ पान सोबत परत पाठवत आहे, कारण आपण सही मागितली होती."

काका : सही? ओळ तर कोरीच आहे.

पुतणी : कोरी नाही. बोट फिरवा.

काका : ...ठिपके. हे काय लिहिलंय?

पुतणी : खाली कुणीतरी पेन्सिलीने उतरवून दिलंय. "तक्रार मिटली. मजला सापडला."

काका : पुन्हा वाच.

पुतणी : ऐकू नाही आलं?

काका : आलं. तरी वाच.