खर्जाची पेटी

देवव्रत : चाकं आहेत ना गुरुजी, उचलायचंच नाही. ओढत न्यायचं. शंभर वॅट, बारा इंचांचा स्पीकर, सगळं एकाच पेटीत. बेस गिटारसाठी आमच्या बनारसच्या दुकानातून सध्या हाच अँप्लिफायर जातोय.

बिंदुमाधव : आमच्या गल्लीत तू शेवटचा कधी आला होतास?

देवव्रत : तुमच्याकडे संथा घ्यायला यायचो, तेव्हा.

बिंदुमाधव : म्हणजे वीस वर्षं झाली. दोन वर्षं आलास नि पळालास. वेद विसरलास ते ठीक, पण पायऱ्या तरी आठवत असतील. मैदागिनला रिक्शा सोडली की पुढे सगळा दगड. चार पावलं सपाट, मग पायरी, मग मोरी, मग पुन्हा पायरी. तिथं चाकं काय करणार?

कस्तुरी : बाबा बरोबर बोलतायत, देवव्रतभैया. एकोणीस किलोचा आहे हा. गिटार पाठीवर आणि हा हातात, म्हणजे कॅफेत पोचेपर्यंत माझी बोटंच चालणार नाहीत.

देवव्रत : मग हा छोटा घ्या, वहिनी. पंधरा वॅट. एका हातात मावतो.

कस्तुरी : हा घरच्या रियाजापुरता. ड्रमवर पहिली काठी पडली की हा संपला. बेसचा सूर खालचा असतो ना, त्याला जोर जास्त लागतो. तुम्हाला ठाऊक आहे हे, मला काय शिकवताय?

देवव्रत : ठाऊक आहे, पण गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघून माल दाखवावा लागतो. बरं, एक विचारू? कॅफेवाल्यांचे स्पीकर असतातच की. सरळ त्यात वायर टाका, सामानच नको.

कस्तुरी : मागच्या महिन्यात तेच केलं. ते स्पीकर गझलेसाठी ठेवलेले. माझी जाड तार छेडली की फडफडायला लागायचे, कागद फाटल्यासारखे. मालकीणबाई दुसऱ्याच गाण्याला उठल्या आणि माझं बटण शून्यावर नेऊन बसल्या. मी दीड तास वाजवत होते, देवव्रतभैया. कुणालाही काहीही ऐकू आलं नाही.

बिंदुमाधव : मला माहीत आहे.

कस्तुरी : मी सांगितलं होतं का तुम्हाला?

बिंदुमाधव : नाही. मी आलो होतो.

कस्तुरी : कॅफेत?

बिंदुमाधव : कॅफेत नाही. समोरच्या ओसरीवर उभा होतो. तुझ्या सासूबाईंना म्हटलं, दही आणायला जातो. तिथून वरची गच्ची दिसते. गाणारी ऐकू येत होती, तो ढोलवाला ऐकू येत होता. तुझी बोटं चालताना दिसत होती. म्हटलं, माझेच कान गेले की काय. शेजारी पानवाला होता, त्याला विचारलं, ‘वो बहूजी का बाजा सुनाई दे रहा है?’ तो म्हणाला, ‘कौन सा बाजा, पंडितजी?’

कस्तुरी : बाबा, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

बिंदुमाधव : काय बोलणार? तीन वर्षं झाली तुला आमच्या घरात येऊन. मुलं पाठाला बसलेली असतात म्हणून तू कानाला ते लावून वाजवतेस. आम्हाला नुसती तारेची टकटक. आमचा यज्ञेश सांगतो, ‘माझी बायको फार छान वाजवते.’ तो गोरखपूरला नोकरीवर, तू इथं बँकेत, आणि आम्ही दोघं म्हातारे ती टकटक ऐकणार. म्हटलं, एकदा नीट ऐकावं तरी. म्हणून आज तू दुकानात जाते म्हणालीस तेव्हा मी पायात चपला घातल्या.

देवव्रत : गुरुजी, बसा ना. चहा सांगतो. वहिनी, मागे एक माल आहे. दाखवत नाही मी कुणाला, कारण लोकांना मोठा डबाच हवा असतो. दोन तुकड्यांत आहे. हे बघा, हा वरचा, म्हणजे खरं यंत्र.

बिंदुमाधव : एवढंसं? हे तर माझ्या पोथीएवढं आहे.

देवव्रत : आणि तीनशे वॅट. वजन दीड किलो. गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात जातं. हा खालचा नुसता स्पीकर, बारा इंची, हलक्या लाकडाचा. अकरा किलो. वरती मूठ आहे. जागा मोठी असेल तर यंत्राच्या मागे हे भोक आहे, इथून वायर काढून त्यांच्या मोठ्या स्पीकरला द्यायची. तोट्याची गोष्ट एकच. दोन नग आहेत, मधली वायर घरी राहिली की कार्यक्रम झाला.

कस्तुरी : वायर मी गळ्यात बांधीन. लावा, लावा लवकर.

बिंदुमाधव : थांब. तो मोठा नि हा, दोन्ही वाजव. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. कुठला कुठला ते सांगू नका.

देवव्रत : परीक्षा घेतायत आमची.

बिंदुमाधव : तुझी घेऊन काही उपयोग नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. हं, वाजव.

कस्तुरी : हा पहिला. ऐकू येतंय?

बिंदुमाधव : पोटात येतंय. थांबू नकोस. बरं. आता दुसरा.

कस्तुरी : हा दुसरा.

बिंदुमाधव : पुन्हा. सगळ्यात खालचा स्वर. आता त्याच्यावरचा. आता दोन्ही पाठोपाठ, जलद. अगं, हा तर खर्ज आहे.

कस्तुरी : हो बाबा. बेस म्हणजे खर्जच.

बिंदुमाधव : मग तीन वर्षं ‘बेस, बेस’ काय म्हणत होतीस? खर्ज म्हणाली असतीस तर मला पहिल्या दिवशी कळलं असतं. हा दुसरा घ्यायचा. पहिला मोठा आहे, पण गुरगुरतो. एक स्वर दुसऱ्यात जाऊन बसतो. ह्यात अक्षर सुटं आहे. कुठं सुरू झालं, कुठं संपलं, सगळं कळतं.

देवव्रत : वहिनी, खरं सांगतो, मी अकरा वर्षं हा धंदा करतोय. पाठमोरं बसून दोन अँप कुणी असे वेगळे केले नाहीत.

कस्तुरी : पॅक करू नका. असाच द्या. चार वाजता वाजवायचंय.

देवव्रत : आज? नवं सामान, एकदाही न वापरता?

कस्तुरी : आजच. बाबा, तुम्हाला आता सांगते. आमची गाणारी आहे ना, रुची, तिनं मला बजावलंय. आजही बेस ऐकू आला नाही तर पुढच्या वेळेपासून कीबोर्डवाला डाव्या हातानं खालचे स्वर वाजवेल. तीन माणसांत भागेल म्हणते. तिचंही चुकत नाही. जे ऐकूच येत नाही त्याच्यासाठी जागा कशाला अडवायची?

बिंदुमाधव : तिला आमच्या नरहरकाकांची गोष्ट सांग. वसंतपूजेला आम्ही पंधरा जण मंत्र म्हणायला बसायचो. काका खर्जात म्हणायचे, त्यांचा आवाज असा वेगळा कुणाला ऐकू यायचाच नाही. एका वर्षी ते आजारी पडले. त्या वर्षी आमचा स्वर चढत गेला, चढत गेला, शेवटी दोघांचे घसे बसले. का झालं ते कुणाला कळेना. पुढच्या वर्षी काका येऊन बसले आणि सगळे आपोआप खाली आले.

कस्तुरी : हे तुम्हीच सांगा तिला.

बिंदुमाधव : सांगीन की. तू यंत्र घे, स्पीकर मी घेतो.

कस्तुरी : अकरा किलो आहे, बाबा.

बिंदुमाधव : रोज दोन घागरी पाणी वर आणतो मी घाटावरून. चल.

(बालाजी घाटाजवळच्या एका कॅफेची गच्ची. जानेवारीतली दुपार, साडेतीन. खाली गंगा. स्पीकर अर्धी वाट सासऱ्यांनी, अर्धी कस्तुरीनं आणला आहे. तिच्या तळव्यावर मुठीचा लाल वळ आहे, पण तिचं तिकडे लक्ष नाही. गाणारी रुची माइक लावते आहे.)

रुची : कस्तुरी, हेच का ते नवीन? सगळं ठीक आहे, पण मला अजूनही काही ऐकू येत नाहीये. ड्रमच्या बाजूला ठेवलंयस ना?

कस्तुरी : ठेवलंय. आवाज अर्ध्याच्या वर नेलाय. बाबा, दुकानात एवढं होतं, ते गेलं कुठं?

बिंदुमाधव : गंगेवर गेलं.

रुची : काका, चेष्टा नको ना प्लीज. पंधरा मिनिटांत लोक येतील. पूरी छत बुक है आज.

बिंदुमाधव : चेष्टा नाही, बेटा. दुकानाला चार भिंती होत्या. इथं तीन बाजूंना नदी आणि आकाश. खालचा आवाज जड असतो, त्याला टेकायला काही नसलं की तो पसरतो नि नाहीसा होतो. आम्ही घाटावर पाठाला बसतो तेव्हा कधी उघड्यावर पाठ करत नाही, दगडाला पाठ लावतो. हे उचला इथून. त्या जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लावा. अगदी कोपऱ्यात.

रुची : कोपऱ्यात? मग कस्तुरीच लांब जाईल.

कस्तुरी : वायर पुरते. बाबा, ते स्टूल द्या. जमिनीवर ठेवलं तर माझ्या गुडघ्यांना ऐकू येईल, कानांना नाही. हं. रुची, तू जागेवर उभी राहा. पहिलं कडवं म्हण, मी येते मागून.

रुची : एक, दो, तीन... थांब. थांब थांब.

कस्तुरी : काय झालं? फडफडतंय का?

रुची : नाही. माझ्या पायांखालून येतंय. परत घे. दुसऱ्या कडव्यापासून, तिथं मी नेहमी सुरातून सुटते.

कस्तुरी : घेते. तू बिनधास्त जा वर.

रुची : नाही सुटले.

कस्तुरी : नाही सुटलीस.

रुची : कस्तुरी, यार, दोन वर्षं हे तू वाजवत होतीस? आणि मी तुला कीबोर्डच्या डाव्या हातात घालायला निघाले होते. काका, आता स्टूल कुणी हलवायचं नाही. लोकांना सांगा, पाया पडून सांगा.

बिंदुमाधव : मी स्टुलाशेजारीच बसतो. म्हणजे सांगावं लागणार नाही.

* * *

कस्तुरी : हळू उतरा, बाबा. ही पायरी मोडकी आहे. संपलं तरी आतमध्ये वाजतंच आहे.

बिंदुमाधव : दीड तास झाला, मला पंधरा मिनिटं वाटली. ते चष्मेवाले गृहस्थ बघितलेस? चहा हातात धरून बसले होते, आणि तू सुरू केलंस की पायाचा अंगठा हलायचा. तू थांबलीस की अंगठा थांबायचा. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

कस्तुरी : तुम्ही अंगठा बघत होता?

बिंदुमाधव : मी सगळ्यांचेच अंगठे बघत होतो. कुणाला काय पोचतंय ते चेहऱ्यावरून कळत नाही, चेहरा लोक आवरून धरतात.

कस्तुरी : रुची काय म्हणाली सांगू? पुढच्या महिन्यात सारनाथला बोलावलंय. पोस्टरवर चारही नावं घालणार. आणि मालकीणबाई स्वतः आल्या, म्हणाल्या, ‘आज बहुत अच्छा लगा, पता नहीं क्यों.’

बिंदुमाधव : ‘पता नहीं क्यों’ म्हणाल्या ना? मग पोचलं. पण एक सांगू का?

कस्तुरी : सांगा.

बिंदुमाधव : तिसऱ्या गाण्यात, मध्यावर, तू एक ठोका आधी आलीस.

कस्तुरी : कळलं तुम्हाला ते? ड्रमवाल्यालासुद्धा कळलं नाही.

बिंदुमाधव : आता ऐकू येतेस. मग चूकही ऐकू येणारच.

कस्तुरी : बाबा, दोन वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती.

बिंदुमाधव : मग आता काढत जाईन. स्पीकर इकडे दे, तुझी पाळी झाली. आणि मगाशी एक गंमत झाली, सांगायची राहिली.

कस्तुरी : कसली?

बिंदुमाधव : स्टूल नेऊन ठेवत होतो, तेव्हा एक बाई आल्या. बाहेरगावच्या होत्या. माझं धोतर बघितलं, शेंडी बघितली आणि विचारलं, ‘आप भी बैंड के साथ हैं?’

कस्तुरी : मग? काय सांगितलंत?

बिंदुमाधव : मी हो म्हणालो.